बांडीचं बाळंतपण

आमच्या घरात डोहाळे पुरवले गेले ते फक्त बांडीचे. माझा धाकटा भाऊ बाळ्या पोटात असताना माय सातव्या महिन्यापर्यंत उसाच्या मोळ्या डोक्यावरून वाहत होती, आणि आंबट खावंसं वाटलंच तर वाटेवरच्या चिंचेखाली वाकून तिची तीच दोन आकडे उचलायची. बांडीचं तसं नव्हतं. तिच्यासाठी बाजरीचा भरडा वेगळा शिजायचा, त्यात बोटभर गूळ पडायचा, आणि तो निवला की नाही हे माय स्वतः बोट घालून बघायची. बांडी ही आमची डुकरीण. पिल्लू असताना कुत्र्यानं तिचं शेपूट तोडलं, म्हणून बांडी. काळीकुळकुळीत, पाठीवर राठ केसांची रांग आणि डोळे एवढेसे. पण त्या एवढ्याशा डोळ्यांनी ती माणूस बरोबर पारखायची. बा दिसला की बाजूला सरायची, मी दिसले की माझ्या पोटऱ्यांना नाकाडानं ढुसण्या द्यायची. आज केजला लेकाच्या घरात डुकराचं नुसतं नाव काढलं तरी सून नाकाला पदर लावते. तिचं काही चुकत नाही, ती वेगळ्या घरातून आलेली आहे. पण त्या वर्षी माझं सगळं भलंबुरं बांडीच्या पोटात होतं, आणि ते सांगायचं तर पदर बाजूला करूनच ऐकावं लागेल.

आमचं गाव शिरूर कासारच्या अंगाचं. ओढ्याच्या त्या बाजूला गाव, या बाजूला आमची दहा-बारा घरं. डुकरं फक्त आमच्याकडं. गावातल्या बायका डुक्कर दिसलं की 'हाड हाड' करत दगड उचलायच्या, आणि सणाच्या आधी त्यांच्याच घरची माणसं अंधार पडल्यावर आमच्या दारात येऊन बाला हळूच विचारायची, 'कधी कापणार हाय?' आम्हाला त्याचं हसू यायचं. सकाळी जाग यायची ती आवाजांनीच. मायच्या भाकरी थापण्याचा आवाज, बाचं खाकरणं, डुकरांची कुरकुर, आणि या सगळ्यावर आत्याच्या शिव्या. आत्या म्हणजे बाची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, एक गुडघा कायमचा धरलेला. ती भिंतीला टेकून बसायची आणि बसल्या जागेवरून सगळं घर चालवायची. शिवी दिल्याशिवाय तिला कुणाला हाक मारता येत नसे. त्यामुळे तिनं नुसतं 'सुमे' म्हटलं की मला वाटायचं, आता काहीतरी खरंच बिनसलंय. थंडीत ती हुलग्याचं माडगं करायची, आणि त्याचा वास सुटला की डुकरंही चुलीच्या बाजूला तोंड करून उभी राहायची.

दिवाळी झाली की आमची वस्ती रिकामी व्हायची. मुकादमाचा ट्रॅक्टर यायचा, मागं दोन ट्रॉल्या, आणि सात-आठ बिऱ्हाडं त्यात बसून तेलगावकडच्या कारखान्याला ऊस तोडायला जायची. परत यायची ती गुढीपाडव्याच्या आसपास. मागं राहायची म्हातारी माणसं आणि डुकरं. मी पहिलीपासून प्रत्येक साली गेले. उसाच्या पाचटाची कोपी करून आम्ही तिथं राहायचो. मायबाप फडात, मी कोपीत. स्वयंपाक, पाणी, आणि बाळ्या झाल्यापासून बाळ्या. गुरुजी चांगले होते, दर उन्हाळ्यात वरच्या वर्गात ढकलायचे. अशी ढकलत ढकलत मी सातवीपर्यंत आले. माझ्या पुस्तकांचा पहिला अर्धा भाग मळलेला असायचा आणि दुसरा अर्धा कोरा करकरीत. गणितात अपूर्णांक मला यायचे, पण व्याज यायचं नाही, कारण व्याज संक्रांतीनंतर शिकवायचे. इतिहासातला राजा गादीवर बसायचा तिथं मी असायचे, तो मेला कसा ते मला कधीच कळायचं नाही. मला फार काही नको होतं. एक साल, एकच, मला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत गावात राहायचं होतं.

एका दुपारी जेवण झाल्यावर बा तंबाखू मळत बसला होता, तेव्हा मी धीर केला.

"बा, या साली मी आत्यापाशी ऱ्हाते."

"कावून?"

"साळंला."

बा हसलाही नाही, रागावलाही नाही. "आन बाळ्याला कोन घेईल? तुझी माय मोळ्या बांधंल का पोरगं धरंल?"

उत्तर दिलं ते भिंतीपासून आत्यानं. "आरं मुडद्या, बांडीकडं बघ की जरा. लागलीय ती. दहा-बारा पिल्लं टाकील. माझा गुडघा ह्यो असा. कुत्र्यांच्या मागं मी पळू का? एक पिल्लू हाताला लागायचं न्हाई. पोरीला ठेव मागं. बाळ्याला झोळीत टाका फडाच्या कडंला, काय मरत न्हाई."

बानं तंबाखू ओठात धरली. मग म्हणाला, "आपन निघायच्या आदी व्याली तर ठेवतो. पिल्लं राखायला मानूस लागंलच. पर न्हाई व्याली, तर मुकाट ट्रॉलीत बसायचं. तवा रडारड न्हाई पाह्यजे."

बा बोलायला कमी होता, पण बोललेलं मोडायचा नाही. मी त्या क्षणापासून शाळेत गेल्यासारखीच झाले. बाळ्याला कडेवर घेऊन मी बांडीजवळ गेले आणि तिच्या कानात सांगितलं, लवकर वी बाई, उशीर करू नको.

आमच्यात डुकरिणीचे दिवस अमावस्येवर मोजतात. नराकडं नेली त्या अमावस्येपासून चौथी अमावस्या यायच्या थोडं आधी ती विते, असा हिशेब. बानं बांडीला जेठाच्या अमुशेला नराकडं नेली होती, हे सगळ्यांच्या लक्षात होतं, कारण त्याच दिवशी आमचं छप्पर उडालं होतं. जेठानंतर आखाडाची, मग पोळ्याची, मग पितरांची आणि चौथी दिवाळीची. म्हणजे बांडी विणार वसुबारसेच्या आगेमागे. आणि मुकादम येणार दिवाळी झाल्यावर. हे मी इतक्या वेळा मोजलं की झोपेतही माझ्या बोटांची पेरं हलायची. हिशेब माझ्या बाजूनं होता. एवढा माझ्या बाजूनं दुसरा कुठलाच हिशेब त्या घरात कधी लागला नव्हता.

दसरा झाल्यावर मी आणि बानं मिळून खोपट तयार केलं. बाला या कामाची हौस होती आणि त्या वेळी तो वेगळाच माणूस व्हायचा, समजावून सांगणारा. ओढ्याच्या बाजूला दगडाची अर्धी भिंत होती, तिला तीन अंगांनी कापसाच्या पऱ्हाट्यांचा कूड घातला, शेणमातीनं लिंपला, वर पाचटाचं छप्पर टाकलं. दार गावाकडं ठेवलं नाही, रस्त्याकडं ठेवलं. "गावातली कुत्री ह्या रस्त्यानंच येतेत, तिला आडवं पडून दार राखता आलं पाह्यजे," बा म्हणाला. आत भिंतीलगत त्यानं दोन बाभळीचे सोट जमिनीपासून वीतभर उंच आडवे बसवले. मला त्याचं कारण कळेना. मग त्यानं स्वतः भिंतीला पाठ लावून, डुकरीण जशी धाडदिशी अंग टाकते तसं बसून दाखवलं. आई अशी बसली की पिल्लं भिंत आणि तिची पाठ यांच्यात चेंगरून मरतात. सोट असला की पिल्लू त्याच्याखाली सटकतं. अंथरायला मी बाजरीचं सरमाड आणलं, तर बानं ते विळ्यानं बारीक तोडायला लावलं. लांब काडीत पिल्लाचे पाय गुंततात. मी बोटांना फोड येईपर्यंत तोडलं. माझ्या आयुष्यात मी नंतर दोन सुनांची बाळंतपणं केली, गादी, दुपटी, शेक-शेगडी सगळं केलं. पण अंथरुण घालताना इतका जीव मी पुन्हा कधी ओतला नाही.

मायचं वेगळंच. ती रोज संध्याकाळी बांडीच्या पोटाला करडईचं तेल चोळायची. बांडी डोळे मिटून पडायची आणि घशातून असा आवाज काढायची की आत्या म्हणायची, "बघा रांडेला, म्हायेरला आलीय." दिवाळीच्या तोंडावर मायनं तिच्या कपाळाला कुंकू लावलं, आणि पाच मुठी बाजरी, खोबऱ्याचा तुकडा असं सुपात घेऊन तिची ओटी भरली. बांडीला ओटी कुठली, तिनं ती सुपातूनच खाल्ली. आम्ही पोट धरून हसलो. माय हसताना मी फार वेळा पाहिलेली नाही, म्हणून ते लक्षात आहे.

वसुबारस आली. गावात गाई-वासरांना ओवाळत होते आणि मी ओढ्याच्या या बाजूला बांडीच्या मागं उकिडवी बसून होते. काही नाही. बांडीनं भरडा खाल्ला, चिखलात लोळली, झोपली. लक्ष्मीपूजन झालं, पाडवा झाला, भाऊबीज झाली. चौथी अमावस्या उलटून चंद्राची कोर वर आली आणि बांडी आपली भरडा खातेय. बा तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "गाभन हाय का नुसतीच चरबी चढलीय? तेल-गुळानं फुगवलीय तुमी बायांनी." मी त्याचा हात धरला, आयुष्यात पहिल्यांदा बापाचा हात असा ओढला असेल, आणि बांडी आडवी पडलेली होती तिथं तिच्या पोटावर ठेवला. मग आतून काहीतरी सरकलं, इकडून तिकडं, गाठोड्यात कुणीतरी कूस बदलावी तसं. बा म्हणाला, "हाय. लई हायेत." आता त्याचाही हिशेब बसत नव्हता.

हिशेब उलगडला तो शेजारच्या सखूमामीकडून. ती चुलीसाठी विस्तव मागायला आली होती आणि मी रडवेली होऊन सांगत होते. तर ती अगदी सहज म्हणाली, "आगं, ती उलटली हुती की. आखाडात तुमी खुरपनीला गेलता ना पावन्याच्या गावाला, तवा तुमची बांडी ओढ्यात एका मोकाट नराच्या मागं फिरत हुती. म्या सवता पाह्यलं." उलटली म्हणजे पहिल्या खेपेला लागलीच नाही, तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर आली आणि तेव्हा लागली. गाय-म्हैस दावणीला असते, उलटली तर हंबरून घर डोक्यावर घेते. आमची डुकरं दिवसभर मोकळी, त्यांचं उलटणं कळणार कुणाला? आम्ही जेठाच्या अमावस्येपासून मोजत बसलो आणि बांडी तिच्या हिशेबानं अगदी वेळेवर होती. मामीला मी विचारलं, मग तू आधी कावून न्हाई सांगितलं? ती म्हणाली, "तुमी इचारलं कुटं?"

आता शर्यत लागली. बांडी आधी की मुकादम आधी. त्या वर्षी माझ्या नशिबानं कारखान्याचं धुराडं उशिरा पेटणार होतं. मुकादम यायचा, बाजेवर बसून चहा प्यायचा, 'अजून आठ रोज' म्हणून जायचा, आणि मला त्याच्या पाया पडावंसं वाटायचं. शाळा उघडली होती. मी जात होते, आणि गुरुजी नवा धडा काढायला लागले की मनात म्हणायची, हा तरी पुरा होऊ दे. मधल्या सुट्टीत धावत घरी येऊन बांडीची कास बघायची. कास उतरली होती, सड ताठ झाले होते. पण सडातून दूध आल्याशिवाय ती विणार नाही हे मला बानंच शिकवलं होतं. मी काहीही करू शकत नव्हते. खोपट होतं, अंथरुण होतं, सोट होते, तेल होतं, कुंकू होतं. उरलेलं सगळं तिच्या पोटात होतं आणि तिथं माझा हात पोचत नव्हता. अशी वाट मी नंतर पुष्कळ गोष्टींची पाहिली. पण तेरा वर्षांच्या पोरीला वाटतं की नीट वाट पाहिली तर होतंच. ते वाटणं त्या वर्षी गेलं.

कार्तिकी पुनव होऊन दोनेक दिवस झाले असतील, आदल्या संध्याकाळी निरोप आला. सकाळी ट्रॅक्टर. घरात बांधाबांध सुरू झाली. पीठ, मिरचीची पुडी, भांडी, वाकळा, कोयते, टोपलीत कोंबड्या. मी एकाही गाठोड्याला हात लावला नाही. आणि दिवस उजाडताना बाहेर आले तर बांडी तोंडात वाळल्या गवताचा भारा धरून ओढ्यावरून येत होती. तिनं तो खोपटात नेऊन टाकला, मी घातलेलं सगळं अंथरुण नाकाडानं उसकलं, पुढच्या पायांनी ओढून स्वतःच्या मनासारखं केलं, आणि पुन्हा गवत आणायला निघाली. मी किंचाळलेच. डुकरीण घर करायला लागली म्हणजे बाळंतपण दारात आलं, हे आमच्या वस्तीत शेंबड्या पोराला कळतं.

"बा! बांडी घर करतीय! बा!"

बा ट्रॉलीत पोतं चढवत होता. तो आला. बांडीला त्यानं खाजवून आडवी केली आणि मागचा सड दोन बोटांत धरून पिळला. थेंब आला. पाण्यासारखा, चिकट. पांढरा नव्हता.

"पानी हाय," तो म्हणाला. "दूध न्हाई उतरलं. उंद्या व्यायची."

"उंद्या म्हंजी झालंच की," माय म्हणाली. ती हातातलं पातेलं घेऊन तशीच येऊन उभी राहिली होती. "एका रोजानं काय व्हतंय? ऱ्हाऊ द्या तिला. म्या बगते बाळ्याचं."

"एक रोज आसू दे, न्हाईतर अर्धा रोज. बोलनं काय झालतं? निघायच्या आदी." बा आवाज चढवत नव्हता, तेच वाईट होतं. चढवला असता तर भांडता आलं असतं. "आन उंद्या न्हाई व्याली, चार रोजानं व्याली, तर? तवर फडात पोरगं कुनी धरायचं? तुझ्या हातात कोयता हाय का न्हाई?"

आत्यानं दारातून त्याला दोन शिव्या दिल्या, पण त्यांत नेहमीचा जोर नव्हता. मला कळलं की तिलाही हात टेकावे लागले आहेत. मी बांडीपाशी बसून तिचं पोट चोळत राहिले. तिनं मला ढुसणी दिली, बाजूला हो म्हणून. तिला तिचं काम होतं.

ट्रॅक्टर निघायला सूर्य डोक्यावर आला. निघण्याआधी नारळ. आमच्या टोळीचा एक नेम होता. मुकादम ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकावर नारळ फोडतो, खोबरं सगळ्यांत वाटतो, आणि ते तोंडात पडलं की त्या माणसानं कारखान्याची हद्द लागेपर्यंत गावाकडं तोंड करून चालायचं नाही. काही विसरलं तर विसरलं. दोन सालांमागं एक जण नारळ फुटल्यावर तंबाखूच्या चंचीसाठी घराकडं पळाला होता, आणि त्या हंगामात त्याच्या भावाचा अंगठा कोयत्यानं गेला. चंचीचा आणि अंगठ्याचा संबंध काय, असं मी आज म्हणते. तेव्हा टोळीतल्या प्रत्येक बाईला आपापल्या नवऱ्याचे अंगठे दिसत होते. मला खोबऱ्याचा तुकडा दिला. मी तो मुठीत धरून ठेवला. मायनं माझ्या मुठीकडं पाहिलं.

पुरुष पुढच्या ट्रॉलीत, बाया-पोरं मागच्या. ट्रॅक्टर हलला. रस्ता आमच्या वस्तीच्या मागून, ओढ्याकाठानं जातो, आणि खोपटाचं दार त्या रस्त्याकडंच होतं. मी गाठोड्यांवर उभी होते. उंचावरून मला खोपटाच्या आतलं सगळं दिसलं. बांडी आडवी पडली होती. पोट आवळत होतं, सैल होत होतं. आणि तिच्या मागच्या पायापाशी ओलं, काळं, मुठीएवढं काहीतरी वळवळत होतं. ते उठलं, पडलं, परत उठलं, आणि भिंतीच्या कडेनं सोटाखालून कासेकडं निघालं.

"व्याली!" मी ओरडले. "माय, व्याली! थांबवा! बा, व्याली!"

मायनंही पाहिलं. तिनं बाळ्याला एका बाईच्या मांडीत टाकलं आणि ती माझ्या शेजारी उभी राहून दोन्ही हात हलवत ओरडायला लागली. ट्रॅक्टरचा धडधडाट, त्यावर ड्रायव्हरनं लावलेली टेप. पुढच्या ट्रॉलीतल्या बानं मागं वळून पाहिलं. त्याला आम्ही दोघी हात हलवताना दिसलो. त्याला वाटलं, आम्ही आत्याचा निरोप घेतोय. त्यानंही हात वर केला, वस्तीकडं बघून दोनदा हलवला, आणि पुढं तोंड करून बसला.

फाट्यावर ट्रॅक्टर थांबला, कारण तिथं आणखी एक बिऱ्हाड चढायचं होतं. मी उडी मारून पुढं पळाले. बाला सांगताना मला धाप लागली होती, पण मी नीट सांगितलं, त्याला समजेल असं. व्याली. म्या डोळ्यांनी पाह्यलं. एक भाईर आलंय, दुसरं येतंय. तुमी म्हनला हुता. माय मागून आली आणि म्हणाली, "खरं हाय. म्याबी पाह्यलं."

बाचा चेहरा मी विसरलेले नाही. तो आधी खुलला. क्षणभर अगदी खुलला, घरात डुकरीण व्याली की खुलायचा तसा. "किती?" त्यानं विचारलं. आणि मग त्याच्या लक्षात आलं की मी काय मागतेय. त्यानं मुकादमाकडं पाहिलं. मुकादमानं ट्रॉलीतल्या माणसांकडं पाहिलं. ज्याचा अंगठा गेला होता तो माणूसही त्यांच्यात बसला होता.

"नारळ फुटलाय, पोरी," मुकादम म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो, आवाज मऊ होता. "आता कसं?"

"तिनं खाल्लंच न्हाई खोबरं!" माय म्हणाली. "दाव गं मूठ."

मी मूठ उघडली. खोबऱ्याचा तुकडा घामानं ओला झाला होता. सगळ्यांनी तो पाहिला. एक म्हातारा म्हणाला, "खाल्लं न्हाई ते तर आनिक वंगाळ." आणि त्यावर दोन-तीन बाया हुंकारल्या. मायनं बाच्या तोंडाकडं पाहिलं. फाट्यावरून आमचं गाव दिसत होतं. मारुतीच्या देवळाचं शिखर, त्याच्या खालची लिंबाची झाडं, सगळं. मी पळत गेले असते तर दुपारच्या सुट्टीनंतरची घंटा मला सापडली असती.

"म्या बोललो हुतो," बा शेवटी म्हणाला. माझ्याकडं बघून नाही, रस्त्याकडं बघून. "न्हाई म्हनत न्हाई. पर आता एवढ्या मानसांच्या हातापायाचा जिम्मा म्या कसा घिऊ? कुनाला काय झालं तर जलमभर आपलं नाव घेतील. बस, सुमे. बस जा."

मी उभीच राहिले. मला कुणी ओढलं नाही, कुणी मारलं नाही. रस्ता मोकळा होता. मला आजही वाटतं, कुणीतरी दंडाला धरून फरफटत ट्रॉलीत टाकलं असतं तर बरं झालं असतं. तिकडं बाळ्यानं रडायला सुरुवात केली, दुसऱ्या बाईच्या मांडीत तो राहत नसे. माय माझ्याकडं बघत होती. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. मी खोबरं तोंडात टाकलं आणि चढले.

तेलगावच्या बाजूच्या त्या फडांचं मी इथं काही लिहीत नाही. जे दर साली होतं तेच झालं. बा त्या हंगामात माझ्याशी जास्त मायेनं वागला. आठवड्याच्या बाजारातून एकदा त्यानं मला लाल रिबीन आणून दिली. मी ती लावली. कुणाचाही अंगठा गेला नाही, आणि टोळीतल्या बाया त्याचं पुण्य मला द्यायच्या. 'सुमीनं ऐकलं म्हनून सगळं नीट ऱ्हायलं.' मी मान खाली घालून भाकरी थापायची. मला सारखं एकच दिसायचं, गावातली कुत्री, आत्याचा गुडघा, आणि पिल्लं. कोण राखत असेल? एकही राहिलं नसेल. ज्यांच्यासाठी मला ठेवायचं होतं तीच उघडी पडली असतील, असं म्हणत मी कोपीत बाळ्याला झोके देत बसायची.

गुढीपाडव्याला परत आलो. मी ट्रॉलीतून उतरले ती खोपटाकडं पळाले. खोपट रिकामं होतं. वळले तर ओढ्यातून बांडी येत होती, आणि तिच्या मागं गुडघ्याएवढाली पोरं, काळी, चकचकीत, एकमेकांना ढकलत. सात होती. बा खूष झाला, त्यानं प्रत्येकाला धरून उचलून पाहिलं. आत्या भिंतीपाशी होती.

"कुत्री आली न्हाईत?" मी विचारलं.

"आली की. पयल्याच दिशी आली. तिनं एकाचा कान फाडला. मंग कुटलं येतंय?" आत्या कौतुकानं म्हणाली. "दारात आडवी पडून ऱ्हायची रांड. भरडा तेवढा म्या सरकवला. मला उठायबी लागलं न्हाई."

मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण त्याच्यामागून असं रडू आलं की ते आवरेना. आत्याला वाटलं पिल्लं बघून आलं. पिल्लं राखायला माणूस लागतं, या एका गोष्टीवर माझी शाळा टांगली होती, आणि तसं माणूस कधी लागतच नव्हतं. बांडीला माझी गरज नव्हती. गरज मला होती तिची.

शाळेत मी पुन्हा गेले नाही. अर्धी सातवी झालीच होती, बाकीची कुणी विचारली नाही. जे लिहिता-वाचता येतं ते पुढं अंगणवाडीत मदतनीस झाले तेव्हा पोरांच्या पाटीवरून पुरं केलं. शाळा सुटली त्याच सालच्या दिवाळीनंतर मुकादम नेहमीसारखा आला आणि बाजेवर बसून चहा प्यायला. उसाच्या कामात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटं माणूस म्हणजे अर्धा. मी पाण्याची घागर घेऊन अंगणातून चालले होते. मुकादमानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, माझी उंची, माझे दंड, आणि बाला म्हणाला, "मंग, या साली तुमचा दीड कोयता धरू का?"

बानं माझ्याकडं पाहिलं नाही. "धरा," तो म्हणाला.